कोष कानाशी

१

कोष कानाशी धरायचा आणि एकदा हलवायचा. आत जिवंत असेल तर थप्प असा जड, ओला आवाज येतो. झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा. किडा आत मरून वाळला असेल तर खुळखुळतो. आणि काहीच वाजलं नाही तर पतंग निघून गेलेला असतो. अशा कोषाच्या टोकाला गोल भोक दिसतं, कडा बाहेर वळलेल्या. पतंगाला दात नाहीत. तो आतून कसलंसं पाणी सोडतो, टोक भिजवतो, रेशीम मऊ पडलं की डोकं घुसवून बाहेर येतो. बाहेर आल्यावर खात नाही. खायला तोंडच नसतं त्याला. दोन-चार दिवस फडफडतो, अंडी घालतो आणि मरतो.

हे शिकायला शाळा लागत नाही. आमच्या गावात पोरगी चालायला लागली की तिच्या कानाशी कोष धरतात.

एकदा आंबुसित्र्याच्या बाजारात एक गोरा माझ्या टोपलीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, हा पतंग मादागास्करबाहेर जगात कुठेच होत नाही. मी म्हटलं, बरंय, बाकीचं जग सुटलं. तो हसला. तेव्हा मीही हसले होते.

काम साधं आहे, पण कंबर मोडणारं आहे. तापियाच्या झाडांच्या रानातून कोष आणायचे. त्यांना सुरवंटाचे केस चिकटलेले असतात, ते हाताला लागले की आठवडाभर आग होते, म्हणून आधी राखेत चोळायचे. मग नखाने टोक फाडून किडा बाहेर काढायचा. किडे मिठात परतून भाताबरोबर खातो आम्ही. रिकामे कोष राखेच्या पाण्यात दिवसभर उकळायचे, ओढ्यावर धुवायचे, मांडीवर टकळी फिरवून सूत काढायचं आणि मागावर बसायचं. कापड तपकिरी होतं, मातीच्या रंगाचं. आमच्या गावात ते मेलेल्या माणसाचं कापड आहे. जिवंत माणूस अंगाला लावत नाही.

यात दोन गोष्टी कुणी मोडत नाही. जिवंत किडा आत ठेवून कोष उकळायचा नाही, कारण मेलेल्याच्या कापडात जिवंत काही जाता कामा नये. आणि एकदा गुंडाळलेलं माणूस पुन्हा सोडायचं नाही. काही वर्षांनी आम्ही कबर उघडतो, आपली माणसं बाहेर आणतो, जुन्या कापडावर नवीन कापड चढवतो, खांद्यावर घेऊन नाचतो आणि परत आत ठेवतो. पण जुनं कापड सोडून आत काय उरलंय ते कुणी बघत नाही. बघायचं काय त्यात?

माझी मुलगी बाकूली माझ्याबरोबर मागावर बसायची. जावई सुलुफू आमच्याच घरात राहतो, बैलगाडी चालवतो, बोलायला गोड आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. माझी नणंद राकेताका दर वेळी येऊन विचारायची, "काय गं बाकूली, माग भरला, पोट कधी भरणार?" बाकूली मान खाली घालायची. मी म्हणायचे, "वन्सं, तुमची सून दरवर्षी भरते, तिला आधी माग शिकवा." मग त्या माझ्याकडचा भात खाऊनच जायच्या.

२

सासूबाईंना कबरीतून बाहेर काढायचा दिवस थंडीत निघाला. शुभाशुभ बघून दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, सूर्य कलल्यावर. कापड मी विणलं होतं.

सासूबाई जिवंत होत्या तेव्हा आमच्या घरात त्यांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. भात करपला तरी त्या बोलायच्या, नाही करपला तरी बोलायच्या. ढोल-तुताऱ्या वाजत होत्या, डुकराच्या चरबीतला भात खाऊन सगळं गाव तुडुंब झालं होतं, पुरुषांना रम चढली होती. दगड सरकवला आणि एकेक गाठोडं बाहेर आलं.

माणूस खांद्यावर घेतलं की आतली हाडं वाजतात. नाचताना तर चांगली खुळखुळतात, आणि बायका हसून म्हणतात, म्हातारा बोलायला लागला. वाईट वाटत नाही त्यात काही. उलट बरं वाटतं, ओळख पटते.

सासूबाईंचं डोक्याकडचं टोक माझ्या खांद्यावर आलं, पायाकडचं वन्संच्या. दोन पावलं टाकली आणि मला चुकल्यासारखं झालं. गाठोडं हलकं होतं. तेही ठीक, वर्षं झाली होती. पण ते वाजत नव्हतं. मी मुद्दाम खांदा उडवला. कान अगदी कापडाला लागलेला. काही नाही.

मी म्हटलं, "वन्सं, आई हलक्या लागतात."

"तुझ्या हातचं खाऊन गेली ना, हलकीच असणार."

चटईवर ठेवल्यावर नवीन कापड चढवायला मी डोक्याकडे बसले. तिथे जुन्या कापडाला भोक होतं. माझा हात कोपरापर्यंत सहज गेला असता. घातला नाही.

उंदीर, म्हटलं. कबरीत उंदीर शिरतातच. पण उंदीर बाहेरून आत कुरतडतो, धागे तोडतो, भुसा पाडतो. इथे एकही धागा तुटलेला नव्हता. सगळे बाजूला सारलेले होते आणि कडा बाहेर वळल्या होत्या. त्या कडेवर एक डाग होता, वाळलेला, जसा प्रत्येक निघून गेलेल्या कोषावर असतो.

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. आयुष्यभर त्यांनीही हेच काम केलंय.

"झाक," त्या म्हणाल्या. "लोक बघतायत."

मी झाकलं.

३

माणसं परत आत गेली की ज्या चटयांवर ती निजली होती त्यांच्या पट्ट्या बायका फाडून नेतात. ज्यांना मूल हवंय त्या. पट्टी गादीखाली ठेवली की पूर्वज पदर भरतात. झोंबाझोंबी होते, केस ओढले जातात, एकीचा दात पडलेला मी पाहिलाय. माझी बाकूली तशातली नाही. ती बाजूला उभी राहते आणि उरेल ते घेते. उरत काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली चटई नव्हती. कापडाचा तुकडा होता, तळहाताएवढा, तपकिरी. एक कड वळलेली, डागाळलेली.

चटई मागे राहिलेल्यांची असते. कापड मेलेल्याचं असतं. त्यातला धागासुद्धा घरी आणत नाहीत.

"कुठून आणलास हा?"

"चटई संपली होती, आई. आजीच्या कापडाचा हा तुकडा कबरीच्या दगडाला अडकून लोंबत होता. मी ओढला नाही. आपणहून हातात आला."

परत ठेवून ये म्हणायची सोय नव्हती. दगड बसला होता, मातीने लिंपला होता, पुढची कित्येक वर्षं तो हलणार नव्हता. मी म्हटलं, मग चुलीत घाल. बाकूलीने मला आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली. गादीवर बसली आणि दोन्ही हात खाली दाबून म्हणाली, "नाही घालणार."

तिचं तोंड बघून मी हट्ट सोडला. मनात म्हटलं, कापडाने कुणाचं काय होतंय. विणणारी मीच ना?

पुढच्या महिन्यात तिला दिवस गेले.

४

डोहाळे म्हणजे काय असतात ते मला माहीत आहे. बाकूलीच्या वेळी मी चुलीची भाजकी माती खाल्ली होती. त्यामुळे ती तापियाची फळं मागायला लागली तेव्हा सुलुफूने टोपलीभर आणून दिली. तिने फळं बाजूला केली आणि फांदीची पानं खाल्ली.

ती पानं चामड्यासारखी असतात. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. ती एका कडेपासून सुरू करायची आणि सरळ रेषेत कुरतडत जायची, डोकं वर, खाली, वर, खाली. देठ टाकून द्यायची. दुपारच्या शांततेत वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात बसलं की तो आवाज खालून यायचा. रानात सुरवंट भरात आले की झाडाखाली उभं राहिल्यावर तोच आवाज येतो. बारीक पाऊस पडतोय असं वाटतं.

सुलुफू म्हणाला, "आमचं पोर बकरी होणार बहुतेक."

मी म्हटलं, "बापावर जाईल."

हसलो आम्ही. ती हसली नाही. ती खात होती.

पोट वाढलं, अंगही भरलं. मान जाड झाली, मनगटं जाड झाली. सुख मानवलं असं गाव म्हणायला लागलं. वन्संनी एकदा तिला न्याहाळलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा काही न खाता घरी गेल्या.

५

दवाखान्यातली सुईण किनाऱ्याकडची आहे, तोंडाची फटकळ, मला आवडते. तिने बाकूलीला आडवं केलं, लाकडी नळी पोटावर ठेवून कान लावला. "आई हट्टी, म्हणजे पोर हट्टी," म्हणाली. नळी सरकवली. पुन्हा सरकवली. मग नळी बाजूला ठेवून नुसता कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"सगळं ठीक आहे," असं म्हणून हात धुवायला गेली. खूप वेळ धुतले.

मी तिला अंगणात गाठलं. "ठोके आहेत ना?"

"आहेत."

"मग तोंड का पडलंय तुझं?"

"सावकाश आहेत. फार सावकाश." ती तळहात खाजवत होती. "आणि मावशी, कुठून येतायत ते कळत नाही. पोटात लावलं तरी तेच, पाठीला लावलं तरी तेच. जसं काही सगळ्या बाईचाच एक ठोका आहे."

मी तिचा हात धरून उजेडात पाहिला. तळव्यावर चट्टे उठले होते आणि कातडीत बारीक तपकिरी केस रुतले होते. ती आग मला माहीत आहे. तिला म्हटलं, राखेने चोळ, पाण्याने जाणार नाही.

विचारलं, "रानात गेली होतीस का गं? कोषांना हात लावलास?"

"मी दोन दिवस या दवाखान्याबाहेर पडलेले नाही."

परतताना बैलगाडीत बाकूली माझ्या शेजारी बसली होती. मी स्वतःला समजावत होते की आमच्या घरात कोष असतातच, तिच्या लुगड्याला केस लागले असतील. बरोबर होतं ते. रोज लागतात. पण मग मी तिच्या गळ्यावरचा घाम पुसला आणि माझी बोटं पेटली.

६

दुपारी ती झोपायची. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून तिच्या गादीवर पडायचा. मी माग सोडून पाणी प्यायला उठले की सवयीने डोकावायचे.

एके दिवशी पाहिलं तर ती डोळे मिटून पडली होती आणि डोकं हलत होतं. झोपेत माणसाचं डोकं हलतं तसं नाही. डावीकडून उजवीकडे, वळसा, परत डावीकडे, वळसा. दोन वेटोळी एकमेकांत अडकवल्यासारखी. एकसारखं, न थांबता, न चुकता.

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं, आवाज न करता. मी हे लाखो वेळा पाहिलंय. फांदीवर सुरवंट जागा धरतो आणि सूत सोडायला लागतो तेव्हा त्याचं डोकं असंच फिरतं.

तिला हाक मारली. डोळे उघडले, डोकं थांबलं. "काय गं आई?" अगदी नेहमीचा आवाज.

"मान दुखते का?"

"नाही. का?"

ती ओढ्यावर गेल्यावर मी गादी उलटली. तो तुकडा काढून जाळायचाच, मग ती माझं तोंड बघो न बघो. तुकडा नव्हता. खालच्या फळ्यांवर सूत चिकटलेलं होतं, जाळीसारखं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बोट लावलं तर ओलसर लागलं. मी वर जाऊन माझ्या लडी पाहिल्या. सगळ्या खुंटीवर जिथल्या तिथे होत्या. टकळ्या माझ्या टोपलीत होत्या. घरात दुसरी टकळी नाही.

चाकू आणून मी फळ्या खरवडल्या आणि ते सगळं चुलीत घातलं. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. त्या दिवशी मांस करपल्याचा आला. ओढ्यावरून बाकूली पोट धरून, वाकून परत आली. कुठे दुखतंय विचारलं तर तिला सांगता येईना. दोन दिवस ती ग्लानीत होती. तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत भाजल्यासारखा लाल पट्टा उठला होता.

त्यानंतर मी तिच्या कुठल्याही सुताला हात लावला नाही.

७

थंडी सुरू झाली. रानात सुरवंटांनी खाणं सोडलं. ते असंच करतात. जागा धरायच्या आधी खाणं सोडतात, पोट साफ करतात आणि फांदीवर इकडे तिकडे हिंडत कोपरा शोधतात.

बाकूलीने खाणं सोडलं. पानंही सोडली. दिवस भरले होते, कळा येत नव्हत्या. ती घरभर हिंडायची, भिंतीला तळवे लावून. मग एका सकाळी वर आली आणि ईशान्य कोपऱ्यात जाऊन बसली. तो पूर्वजांचा कोपरा. तिथे आम्ही त्यांना रमचा थेंब ठेवतो, हात जोडतो. कुणी बूड टेकत नाही.

मी म्हटलं, "ऊठ. तिथे बसतात का?"

"इथे बरं वाटतं."

मी तिच्यासमोर कोष घेऊन बसले. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं माझं. एक उचलला, हलवला, थप्प वाजला, नख लावलं. ती बघत होती.

"आई, तू फाडतेस तेव्हा आतल्याला कळतं का?"

"कसलं कळतंय. किडा तो."

"मध्येच फाडलं तर आत काय असतं?"

तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. फार लवकर फाडलं तर आत ना सुरवंट असतो ना पतंग. नुसतं दूध असतं, घट्टसर, आणि ते हातातून ओघळतं.

"काही नसतं," मी म्हटलं.

तिने मी फाडलेला एक कोष उचलून कानाशी धरला. मग म्हणाली, "आई, मी तुझीच आहे ना गं?"

माझ्या पोटची पोर, आणि हे विचारते. मी तिचं डोकं धरून पोटाशी घेतलं. हात, मान, गाल, सगळीकडे आग आग झाली. सोडलं नाही. तेव्हाच माझ्या हातांखाली तिचं डोकं हलायला लागलं. डावीकडे, वळसा, उजवीकडे, वळसा. मी जोर लावून धरून पाहिलं. माझे हातच त्याच्याबरोबर फिरायला लागले.

८

मी ओढ्यावर गेले होते. एवढंच. उकळलेले कोष सडू नयेत म्हणून धुवायला. परत आले तेव्हा सुलुफू जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून उभा होता. त्याने नुसतं वर बोट दाखवलं.

कोपऱ्यात ते होतं. भिंतीला दोन बाजूंनी चिकटलेलं, माणसाएवढं, तपकिरी. मी जवळ जाऊन पाहिलं. विणलेलं नव्हतं ते. ना ताणा ना बाणा, कुठे सुरुवात नाही, शेवट नाही, शिवण नाही. माझ्या लडी खुंटीवर होत्या.

सुलुफू खालून म्हणाला, "आई, श्वास चालू आहे का, तेवढंच सांगा."

मी सांगितलं, चालू आहे. मला माहीत नव्हतं.

गावात असलं काही लपत नाही. ऊन कलायच्या आत वन्सं आल्या, मागून तीन म्हातारे आणि दिवस काढणारा. एकाने तर कबरीचा दगड उचलायचे दोर खांद्यावर घेतले होते. आमच्यात तपकिरी रेशमात गुंडाळलेलं माणूस एकाच ठिकाणी जातं. आणि गुंडाळलेलं सोडून बघत नाहीत.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. मांडीवर भाजीचा चाकू होता.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, शहाणी आहेस ना. गुंडाळलेलं माणूस घरात ठेवत नाहीत."

"मेलेलं ठेवत नाहीत."

"मग काय जिवंत आहे ते?"

"तुम्हालाही कान आहेत. या, ऐका. पण दोर वर आला तर ज्याच्या खांद्यावर आहे त्याचे कान मी कापीन."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. वन्सं एकट्याच वर आल्या, माझ्या अंगावरून गेल्या. मी वळून पाहिलं नाही. मागे फळ्या वाजल्या, मग काहीच नाही. मग मला इथपर्यंत ऐकू आलं. थप्प. बऱ्याच वेळाने पुन्हा, आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीक. थप्प, टप्.

दोन होते.

वन्सं येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं. गालावर चट्टा उठत होता. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी आईच्या गाठोड्यातून काय वाजलं होतं गं?"

"काही नाही, वन्सं."

"मग आई कुठे आहे?"

त्यांनी नाक पदराला पुसलं, उठल्या, आणि खाली बघून ठणकावलं, "मुलगी बाळंत होतेय. पुरुषांचं इथे काय काम? दोर घेऊन बैल बांधा घरी जाऊन."

ते गेले. दिवस काढणारा सर्वात आधी गेला.

मग त्यांनी माझा चाकू उचलला. "फाड," म्हणाल्या. "आता दोन ऐकू येतायत, उद्या एक येईल. तुला जमत नसेल तर मी फाडते."

त्यांचं चुकत नव्हतं. रात्रंदिवस मीही तोच विचार करतेय. पण मी त्यांना विचारलं, "वन्सं, आयुष्यात एवढे कोष फाडले आपण. फाडल्यावर एक तरी जगला का?"

चाकू त्यांनी भिंतीच्या फटीत खोचला आणि खाली सुलुफूजवळ जाऊन बसल्या. अजून तिथेच आहेत.

९

मी रोज कान लावते. कानाची कातडी सोलली आहे, आता आग कळत नाही. आवाज जागा बदलतो. मधूनच लांबतो, मधूनच अगदी कानाखाली येतो. परवापासून मोठा आणि बारीक वेगळे ओळखता येत नाहीत.

सुलुफू विचारतो, "आई, दोघंही आहेत ना?" मी म्हणते, आहेत. तो बैलांना पाणी पाजायला जातो, परत येतो, परत विचारतो.

काल दुपारी वन्संनी खालून हाक मारली, बाहेर ये म्हणाल्या. घराच्या ईशान्येच्या भिंतीवर, बाहेरून, पतंग बसले होते. आमचेच, तपकिरी. अंगठ्याएवढे लहान, एकमेकांना चिकटून, मातीचा रंग दिसेना एवढे. हे त्यांचे उडायचे दिवस नाहीत. रानात आत्ता सगळे कोषात आहेत. पण मला माहीत आहे ते कधी असे येतात. आतली मादी निघायच्या बेतात असली की नर येतात आणि बाहेर बसून वाट बघतात.

वन्संनी विचारलं, "हाकलू का?"

मी नको म्हटलं. त्यांच्या मधोमध, छपराखाली सावलीत, एक जागा मोकळी होती. एकही पतंग तिथे बसत नव्हता. सावलीला डोळे सरावले तेव्हा वाटलं की ती जागा मोकळी नाही. भिंतीसारखंच काहीतरी तिथे भिंतीला लागून होतं आणि सावकाश, फार सावकाश, उघडमीट करत होतं. वन्संनी पाहिलं आणि लहान मुलीसारख्या एकच शब्द म्हणाल्या, "आई." मी त्यांना धरून घरात आणलं आणि दार लावलं. छप्पर जुनं आहे, गवत लोंबतं, वाऱ्याने हलतं. वारा नव्हता, पण गवत आहे, हे खरं आहे.

आज सकाळी कोपऱ्यात कान लावायला गेले तर आवाज नव्हता. त्यावरून हात चाचपत वर नेला. डोक्याकडच्या टोकाला कापड ओलं लागलं. गोल, माझ्या तळहाताएवढं. दुपारपर्यंत ते वाढलं आहे.

मी खिडकी उघडून ठेवली आहे. माग बाजूला सारला आहे, अंग पसरायला जागा हवी. सुलुफूला सांगितलंय की मी हाक मारल्याशिवाय वर यायचं नाही, आणि काय दिसलं तरी तिचं नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे तिला कळेल की घर आपलंच आहे.

चूल पेटवली आहे. बाकूलीला आवडतो तसा मऊ भात टाकलाय, तळाशी थोडा करपवून, म्हणजे त्याच भांड्यात पाणी उकळून देता येईल. बाळंतिणीला ते चांगलं.

बाहेर येतं त्याला तोंड नसतं. मला माहीत आहे ते. तरी टाकलाय.